वरातीमागून घोडं: एकाच दूध केंद्राचे संदेश सर्व्हरवर उलट क्रमाने का लागतात?

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही दूध संकलनाची यंत्रणा चालवतो. गावातल्या केंद्रावर वजनकाटा, फॅट मशीन आणि दोन्हींना जोडलेली एक पेटी असते. उत्पादकाचं दूध मापलं की पेटी चिठ्ठी छापते आणि त्याच वेळी सिमकार्डावरून आमच्या सर्व्हरला संदेश पाठवते: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक). अशी साधारण ४०० केंद्रं आहेत. संदेश तीन प्रकारचे: 'नोंद', 'दुरुस्ती' आणि 'पाळी बंद'. पेटी आणि सर्व्हरमध्ये साधं टीसीपी (नेटवर्कवरून बाइट पोचवण्याची ठरलेली पद्धत), त्यावर आमचाच छोटा प्रोटोकॉल, म्हणजे संदेश कसे लिहायचे याचे नियम. सर्व्हर जावामध्ये, नेटी ही नेटवर्कची लायब्ररी वापरून.

गेल्या आठवड्यात एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. एक मावशी दहा दिवसांचं बिल आणि त्या दहा दिवसांच्या सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत घालून केंद्रावर आल्या होत्या. एका सकाळची चिठ्ठी म्हणते फॅट ४.२, बिल म्हणतं ३.२. फॅट मशीन त्या दिवशी बंद होतं, सचिव आकडे हातानं भरत होते. चुकून ३.२ दाबलं गेलं, त्यांनी मावशींसमोरच ते दुरुस्त केलं आणि नवी चिठ्ठी छापून दिली. दूध ८ लिटर. आमच्या दरपत्रकात त्या पट्ट्यात एका पॉइंटला (०.१ फॅट) ३० पैसे, म्हणजे दहा पॉइंटचे लिटरमागे ३ रुपये, एका पाळीचे २४ रुपये. मावशींचं बरोबर होतं, आमचं चूक.

लॉग काढला. त्यातल्या या दोन ओळी (थ्रेड म्हणजे सर्व्हरमधला एक कामकरी, असे अनेक एकाच वेळी काम करतात):

०६:४१:०७.११२ | थ्रेड ३ | केंद्र २१७ | दुरुस्ती | सभासद ४२ | फॅट ४.२ | बदललेल्या ओळी ०
०६:४१:०७.१३१ | थ्रेड ७ | केंद्र २१७ | नोंद | सभासद ४२ | फॅट ३.२ | नवी ओळ १

दुरुस्ती आधी लागली. तेव्हा टेबलात नोंदच नव्हती, म्हणून शून्य ओळी बदलल्या आणि कोड गप्प पुढे गेला. १९ मिलिसेकंदांनी मूळ नोंद आली आणि तीच कायम झाली.

टीसीपी क्रमाची हमी देतं असंच आजवर शिकलो. दोन्ही संदेश एकाच कनेक्शनवरून आलेत. शिवाय सचिव सांगतात की नोंद आणि दुरुस्ती यांच्यात चांगला अर्धा मिनिट गेला होता. मग हे एकमेकांवर कसे आले?

एक बदल सांगायला हवा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं काम नेटीच्या इव्हेंट लूपवरच (अनेक कनेक्शनं एकटा सांभाळणारा थ्रेड) व्हायचं. डेटाबेस मंदावला की पन्नासेक केंद्रं एकदम अडकायची. म्हणून मी डेटाबेसचं काम १६ थ्रेडच्या पूलकडे (कामं वाटून घेणाऱ्या गटाकडे) दिलं. तेव्हापासून सर्व्हर कधी अडकला नाही, आणि मी ते काम बरं झालं असं समजून होतो.

जुना_वाडा | सोमवार, रात्री ११:२५

मावशींनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या म्हणून हे कळलं. नाहीतर असं वर्षानुवर्षं चालतं.

टीसीपी हमी देतं ती बाइटच्या क्रमाची. १९८१ च्या मूळ आरएफसी ७९३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्येही हेच आहे आणि २०२२ साली तिची जागा घेणाऱ्या ९२९३ मध्येही हेच. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, मधला तुकडा हरवला तर पुन्हा पाठवला जातो, आणि तुम्ही सॉकेटवरून (कनेक्शनच्या तुमच्याकडच्या टोकावरून) वाचता तेव्हा ते बाइट ओळीनं हातात येतात. हमी तिथे संपते. 'संदेश' म्हणजे काय हे टीसीपीला माहीतच नसतं. एका वाचनात दोन संदेश येतील, कधी दीडच येईल. लांबी बघून ते कापायचं काम तुमचा डीकोडर करतो, आणि तोही एकाच थ्रेडवर असल्यामुळे ओळीनंच करतो. तोपर्यंत सगळं ठीक आहे.

पुढच्या पायरीला तुम्ही प्रत्येक संदेश सुटा सुटा करून पूलला दिलात. पूल रांगेतून उचलताना क्रमानंच उचलतो, पण कुठलं काम आधी संपेल ते त्याच्या हातात नसतं. थ्रेड ७ नं नोंद आधी घेतली असणार, थ्रेड ३ नं लगेच मागून दुरुस्ती घेतली. डेटाबेसची कनेक्शनं किती ठेवली आहेत? १६ पेक्षा कमी असतील तर थ्रेड ७ कनेक्शनसाठी ताटकळला आणि ३ ला आधी मिळालं, इतकं सरळ आहे हे.

अर्ध्या मिनिटाचं म्हणाल, तर ते अंतर केंद्रावरचं. पहाटे त्या गावात रेंज गेली असेल. पेटीनं दोन्ही संदेश पोटात ठेवले आणि रेंज आल्यावर एका दमात पाठवले. अर्ध्या मिनिटाचं अंतर तुमच्या दारात येईपर्यंत शून्य झालं. म्हणून तर हे दोन महिने दिसलं नाही: रेंज चांगली असताना पूल कितीही मोठा असला तरी नोंद कधीच उरकलेली असते.

घाटमाथा | सोमवार, रात्री ११:४८

कनेक्शनं १०. आणि २१७ हे घाटाखालचं केंद्र आहे, तिथे रेंज रोज जाते. सगळं जुळलं.

पाटाचं_पाणी | मंगळवार, सकाळी ८:०५

केंद्रागणिक एक लॉक ठेवा ना. एका वेळी एका केंद्राचा एकच संदेश चालेल, प्रश्न मिटेल. जावात दोन ओळींचं काम आहे.

सुईदोरा | मंगळवार, सकाळी ९:३०

पाटाचं_पाणी, लॉकनं दोघं एकदम आत जात नाहीत एवढंच होतं. आधी कोण जाणार हे लॉक ठरवत नाही. थ्रेड ३ लॉकपाशी आधी पोचला तर दुरुस्तीच आधी आत जाईल, आणि ती आत असेपर्यंत नोंद बाहेर उभी राहील. लॉक 'रास्त', म्हणजे आधी आलेल्याला आधी सोडणारा केला, तरी तो लॉकपाशी पोचण्याचा क्रम बघतो, संदेश आल्याचा नव्हे. क्रम बिघडतो तो लॉकच्या अलीकडे. वर त्या लॉकवर पूलचे थ्रेड नुसते उभे राहतात. एका केंद्राचे १६ संदेश एकदम आले की पूर्ण पूल त्या एका केंद्रापायी बसून राहिला, बाकीची ३९९ केंद्रं उपाशी.

मी हीच चूक एका औषध दुकानांच्या साठ्याच्या सर्व्हरमध्ये केली आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिते.

पाटाचं_पाणी | मंगळवार, सकाळी ९:५२

मान्य ताई. मग एकच थ्रेड ठेवला तर? ४०० केंद्रं, गर्दीच्या वेळी प्रत्येकी वीस सेकंदाला एक संदेश, म्हणजे सेकंदाला २०. एका नोंदीला २० मिलिसेकंद धरले तर एक थ्रेड सेकंदाला ५० उरकतो. पुरतंय की.

घाटमाथा | मंगळवार, दुपारी १:१०

सरासरीला पुरतं. पण एका भागातला टॉवर तासभर बंद पडून पुन्हा चालू झाला की तीस केंद्रं प्रत्येकी शंभर संदेश एकदम टाकतात. ३००० संदेश, २० मिलिसेकंदांनी ६० सेकंद. तो मिनिटभर बाकी सगळी केंद्रं थांबणार. आणि डेटाबेस २० चे २०० मिलिसेकंद घ्यायला लागला तर थ्रेड सेकंदाला ५ वर येतो. केंद्रावर सकाळी साडेसहाला वीस माणसं किटल्या घेऊन उभी असतात. रेंज असताना पेटीवर 'पोचलं'चा दिवा लागल्याशिवाय सचिव पुढचं माप घेत नाहीत, त्यांना तशी सवय लागली आहे. एकट्या थ्रेडवर मी परत जाणार नाही.

जुना_वाडा | मंगळवार, रात्री ९:१५

बरोबर आहे. तुम्हाला ४०० केंद्रांचा मिळून एक क्रम नकोच आहे. २१७ ची नोंद आणि ३०५ ची नोंद यांत आधी कुठली, याला काही अर्थ नाही. क्रम हवा तो एका केंद्राच्या आत. म्हणून पूलला संदेश द्यायचा नाही, रांग द्यायची.

प्रत्येक केंद्राची एक रांग ठेवा आणि तिच्यासोबत एक झेंडा, 'उपसणं चालू आहे' असा. संदेश आला की रांगेच्या शेवटी टाका. झेंडा खाली असेल तर वर करा आणि पूलला सांगा, '२१७ ची रांग उपसून टाक.' झेंडा आधीच वर असेल तर काही करू नका, जो थ्रेड उपसतोय तोच तुमचाही संदेश घेईल. त्यामुळे एका केंद्रावर एका वेळी एकच थ्रेड, संदेश ओळीनं, आणि कुणीही कुणासाठी नुसता उभा नाही. १६ थ्रेड १६ वेगवेगळ्या केंद्रांवर काम करतात.

यात एक खाच आहे, ती नीट बघा. उपसणारा थ्रेड बघतो, रांग रिकामी. तो झेंडा खाली करायच्या आत दुसरीकडून एक संदेश रांगेत पडतो. टाकणाऱ्याला झेंडा वर दिसतो, म्हणून तो निघून जातो. मग पहिला झेंडा खाली करून जातो. संदेश रांगेतच राहिला, आणि पुढचा संदेश येईपर्यंत त्याच्याकडे कुणी बघणार नाही. पाळीचा शेवटचा संदेश 'पाळी बंद' असतो ना? तो मग संध्याकाळच्या पाळीपर्यंत तसाच पडून राहील. 'रांग रिकामी आहे का' हे बघणं आणि झेंडा खाली करणं या दोन्ही गोष्टी एकाच छोट्या लॉकच्या आत झाल्या पाहिजेत. टाकणाऱ्यानंही टाकणं आणि झेंडा बघणं त्याच लॉकमध्ये करायचं. लॉक काही मायक्रोसेकंदांचा, डेटाबेसचं काम त्याच्या बाहेर.

दुसरं, एका थ्रेडनं एका केंद्राचे सलग वीसेक संदेशच उपसावेत, मग रांग पूलच्या शेवटी परत टाकावी. नाहीतर टॉवर चालू झाल्यावर तीस केंद्रं सगळा पूल धरून बसतील.

सी प्लस प्लसवाल्यांना हे बूस्ट एसिओ या लायब्ररीच्या 'स्ट्रँड'मध्ये तयार मिळतं. अर्लांग भाषेत एका प्रोसेसनं दुसरीला पाठवलेले संदेश क्रमानंच पोचतात ही भाषेचीच हमी आहे. नेटीतही सोय आहे: हँडलर (संदेश हाताळणारा कोड) जोडतानाच त्याला वेगळा डिफॉल्ट इव्हेंट एक्झिक्युटर ग्रुप दिला तर प्रत्येक कनेक्शनला त्यातला एक थ्रेड कायमचा मिळतो आणि क्रम टिकतो. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी साध्या पूलऐवजी तो दिला असता तर हा धागा निघाला नसता. तरी मी आता रांगच सुचवेन. कारण उद्या सांगतो, झोपायची वेळ झाली.

नवखी | मंगळवार, रात्री १०:०२

मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड वापरतेय. तिथे एकच थ्रेड असतो, म्हणजे मला हा त्रास होणार नाही, बरोबर ना?

सुईदोरा | मंगळवार, रात्री १०:३०

नाही गं, तिथेही होतो. थ्रेड एक असला तरी कामं अनेक चालू असतात. 'डेटा' आला की चालणारं फंक्शन तू असिंक (मध्ये थांबू शकणारं) केलंस आणि आत डेटाबेससाठी अवेट केलंस, म्हणजे उत्तराची वाट बघितलीस, की नोड तेवढ्या वेळात पुढच्या डेटासाठी तेच फंक्शन पुन्हा सुरू करतो. पहिलं संपेपर्यंत तो थांबत नाही. दोन्ही अवेट एकदम चालू, ज्याचं उत्तर आधी येईल ते आधी पुढे जातं. तिथे प्रत्येक कनेक्शनसाठी एक प्रॉमिसची (पुढे मिळणाऱ्या उत्तरांची) साखळी ठेव, नवा संदेश आधीच्याच्या शेपटाला बांध. गो भाषेतही प्रत्येक संदेशाला नवी गोरुटीन (तिथला हलका थ्रेड) काढली की हीच गत. एका कनेक्शनला एक गोरुटीन ठेवली तर क्रम आपोआप राहतो.

नवखी | मंगळवार, रात्री १०:४१

धन्यवाद ताई, माझ्या कोडमध्ये अगदी हेच आहे. उद्याच बदलते.

जुना_वाडा | बुधवार, सकाळी ७:२०

कालचं राहिलेलं. रांग कनेक्शनची ठेवू नका, केंद्राची ठेवा.

घाटाखाली रेंज जाते तेव्हा पेटीला कळतं की कनेक्शन गेलं. ती नवं कनेक्शन उघडते. सर्व्हरला मात्र जुनं मेलं हे कळत नाही, कारण निरोपाचं पॅकेट आलेलंच नसतं. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ही विचारणा) चालू केलं तरी पहिली विचारणा न बदललेल्या सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तासांनी. तेवढा वेळ एकाच केंद्राची दोन कनेक्शनं तुमच्याकडे जिवंत असतात. जुन्यातून वाचलेले चार संदेश अजून रांगेत आहेत, नव्यातून पुढचे आले. रांगा कनेक्शनच्या असतील तर त्या दोन वेगळ्या रांगा, दोन वेगळे थ्रेड, आणि आपण परत पहिल्या चौकात.

केंद्रानं नव्यानं लॉगिन केलं की त्या केंद्राचा 'हजेरी क्रमांक' एकानं वाढवा, जुन्या हजेरीचे रांगेत उरलेले संदेश टाकून द्या आणि जुनं कनेक्शन स्वतःहून बंद करा. टाकून द्यायला घाबरू नका, पण त्याआधी एक बघा: पेटीला 'पोचलं' कधी कळवता?

घाटमाथा | बुधवार, सकाळी ८:४५

वाचल्याबरोबर. पूलला देण्याच्याही आधी.

जुना_वाडा | बुधवार, सकाळी ९:०२

हे क्रमापेक्षाही गंभीर आहे. सर्व्हर रीस्टार्ट झाला तर पूलच्या रांगेतलं सगळं गेलं, आणि पेटी समजते पोचलं म्हणून ती ते पुसून टाकते. डेटाबेसमध्ये कमिट, म्हणजे कायमचं लिहून, झाल्यावरच 'पोचलं' पाठवा. मग जे टाकून दिलं ते पेटी पुन्हा पाठवेल.

बंदरावरून | बुधवार, दुपारी ३:३०

मुंबईत शेअर ब्रोकरच्या सर्व्हरवर काम करतो, तिथलं सांगतो. आमच्याकडे ऑर्डर फिक्स या शेअर व्यवहारांच्या प्रोटोकॉलवरून जातात. तोही टीसीपीवरच चालतो, तरी त्यात प्रत्येक संदेशाला स्वतःचा अनुक्रमांक असतो, ३४ क्रमांकाचा टॅग. ४१ नंतर थेट ४३ दिसला की घेणारा म्हणतो, '४२ पासून पुन्हा पाठव.' टीसीपीची हमी एका कनेक्शनपुरती असते, कनेक्शन तुटून जोडलं गेलं की कुठपर्यंत पोचलं होतं ते त्याला आठवत नाही. ते संदेशावरच लिहिलेलं असावं लागतं.

तुमच्या पेटीनंही अनुक्रमांक द्यावा. सर्व्हरनं प्रत्येक केंद्राचा 'शेवटचा लागलेला क्रमांक' ठेवावा, आणि तो ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लागतं किंवा काहीच नाही असा लिहिण्याचा गठ्ठा) दुधाची नोंद लिहिली जाते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावा. वेगळा लिहिलात आणि मध्येच वीज गेली तर एक लागेल, एक नाही. आलेला क्रमांक शेवटच्याइतका किंवा लहान असेल तर तो दुसऱ्यांदा आलाय, गप्प 'पोचलं' म्हणा आणि सोडून द्या. एकानं मोठा असेल तर लावा. त्याहून मोठा असेल तर मधलं काहीतरी हरवलंय, थांबा आणि मागवा.

पेटीची वेळ वापरून क्रम लावायचा मोह होईल. तो टाळा.

घाटमाथा | बुधवार, संध्याकाळी ७:१५

वेळेचा अनुभव आहे. पेटीतली घड्याळाची बॅटरी मेली की तारीख १ जानेवारी २००० होते. अशा नोंदी आम्ही दर महिन्याला हातानं सरळ करतो.

अनुक्रमांक आहे, पण पेटी बनवणाऱ्यांनी तो १६ बिटांचा ठेवलाय. एका पाळीला दीडशे, दिवसाला तीनशे संदेश धरले तर ६५,५३६ आकडे २१८ दिवसांत संपतात आणि पुन्हा शून्य. शिवाय पेटी रीसेट केली तरी शून्य. 'लहान असेल तर सोडून द्या' केलं तर शून्यानंतरचं सगळंच दूध सोडून दिलं जाईल.

बंदरावरून | बुधवार, रात्री ८:४०

दोन वेगळे प्रश्न आहेत. आकडे संपून शून्यावर येणं सोपं आहे: फरक १६ बिटांतच काढा, म्हणजे ऋण आला तर ६५,५३६ मिळवा. नवा वजा जुना हा १ ते ३२,७६७ मध्ये आला तर नवा पुढचा. ६५,५३५ नंतर ० आला तर फरक १ येतो, म्हणजे पुढचाच. याच हिशेबासाठी १९९६ ची आरएफसी १९८२ आहे, डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तेच वापरतात.

रीसेट मात्र आकड्यांवरून कधीच ओळखता येणार नाही. पेटीनं लॉगिनमध्येच 'मी कितव्यांदा नव्यानं सुरू झाले' हा दुसरा क्रमांक पाठवावा. तो वाढला तर मोजणी पुन्हा शून्यापासून धरा.

तिसरी_घंटा | गुरुवार, सकाळी १०:५०

पूर्ण धागा वाचला. माझं मत थोडं वेगळं आहे आणि मला ते मनापासून मांडायचं आहे. तुम्ही सगळे क्रम सांभाळायला निघालात, पण नोंद आणि दुरुस्तीला क्रम लागतो कशाला? दुरुस्ती म्हणजे 'फॅट बदल' असा हुकूम आहे, म्हणून लागतो. त्याऐवजी दुरुस्तीत पूर्ण नोंदच पाठवा: सभासद ४२, लिटर ८, फॅट ४.२, आवृत्ती २. सर्व्हर एवढंच बघेल की टेबलातली आवृत्ती लहान आहे का. असेल तर लिही, नसेल तर सोड. आवृत्ती २ आधी आली तर बसेल, मागून आलेली आवृत्ती १ आपोआप पडेल. रांग नको, झेंडा नको. उद्या दोन सर्व्हर केलेत तरी चालेल. रांगा मेमरीत ठेवल्या तर दुसऱ्या सर्व्हरला त्या दिसणारही नाहीत.

जुना_वाडा | गुरुवार, दुपारी १२:३०

नोंद आणि दुरुस्तीपुरतं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. 'पाळी बंद'चं काय? ती आली की बेरीज होऊन टँकरची पावती निघते. शेवटच्या तीन नोंदी मागून आल्या तर पावतीत तीन किटल्या कमी.

तिसरी_घंटा | गुरुवार, दुपारी १:०५

'पाळी बंद'मध्ये पेटीनं एकूण नोंदींची संख्या आणि एकूण लिटर लिहावेत. १४८ नोंदी म्हणाली आणि टेबलात १४५ असतील तर सर्व्हर पावती काढत नाही, उरलेल्या तीन येईपर्यंत थांबतो. वहीत पान भरल्यावर खाली बेरीज लिहितात तशी.

जुना_वाडा | गुरुवार, दुपारी १:२०

हे आवडलं. ती बेरीज क्रम असो नसो, हवीच. मात्र पेट्यांमधलं सॉफ्टवेअर ४०० गावांत जाऊन बदलायला किती महिने लागतील, ते घाटमाथाच सांगतील. सर्व्हर आज रात्री बदलता येतो.

सुईदोरा | गुरुवार, दुपारी २:१५

दोन सर्व्हरच्या मुद्द्यावर थोडं. मध्ये काफ्का (संदेश साठवून पुढे देणारी यंत्रणा) घातलं तर केंद्राचा क्रमांक 'की', म्हणजे ओळख, म्हणून द्यायचा, म्हणजे एका केंद्राचं सगळं एकाच पार्टिशनमध्ये (काफ्काच्या एका रांगेत) पडतं आणि क्रम पार्टिशनच्या आतच टिकतो. नंतर पार्टिशनं वाढवली की केंद्र दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतं, म्हणून ते काम दोन पाळ्यांच्या मध्ये, दुपारी करा. पाठवणाऱ्याकडे आयडेम्पोटन्स (तेच पुन्हा गेलं तरी एकदाच लिहिण्याची सोय) बंद असेल आणि उत्तर न आलेल्या एकाहून जास्त रिक्वेस्ट वाटेत असतील तर फसलेली रिक्वेस्ट पुन्हा जाताना क्रम उलटतो. चालू असेल तर वाटेत पाच रिक्वेस्ट असेपर्यंत क्रम टिकतो.

पेटी एमक्यूटीटीवर (छोट्या यंत्रांसाठीचा संदेशांचा प्रोटोकॉल) न्यायचा विचार असेल तर तिथेही तेच. क्यूओएस १ मध्ये ('किमान एकदा पोचव' हा प्रकार) १, २, ३ असे पाठवले आणि पुन्हा पाठवायची वेळ आली तर १, २, ३, २, ३ असे येऊ शकतात. एका वेळी एकच संदेश वाटेत ठेवला तर हे टळतं. फक्त मंद होतं. दूध केंद्राला तो वेग पुरेल.

अवांतर: एखादा संदेशच खराब निघाला, समजा सभासद क्रमांकच यादीत नाही, तर त्या केंद्राची रांग तिथेच अडेल. याचं काय करणार?

घाटमाथा | गुरुवार, रात्री ११:३०

ताई, यावर आज दिवसभर विचार केला. डेटाबेस बंद असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न, तिथे रांग अडलेलीच बरी. संदेशच चुकीचा असेल तर तो जसाच्या तसा 'अडलेले' टेबलात ठेवायचा, पेटीला 'पोचलं' म्हणायचं आणि पुढे जायचं. मात्र त्या पाळीवर खूण करायची आणि खूण असेपर्यंत त्या पाळीची पावती काढायची नाही. एका चुकीच्या सभासद क्रमांकापायी मागच्या चाळीस माणसांना उभं ठेवणं मला पटत नाही.

घाटमाथा | पुढच्या आठवड्यात रविवार, सकाळी ११:००

मंडळी, काय केलं ते लिहितो.

केंद्रागणिक रांग केली, झेंडा आणि रिकामी-तपासणी एकाच लॉकमध्ये. हजेरी क्रमांक आला. 'पोचलं' कमिटनंतर जातं. रांग ५०० वर गेली की त्या कनेक्शनचं ऑटोरीड (आपोआप वाचणं) बंद करतो. मग सर्व्हर वाचत नाही, टीसीपीची खिडकी (घेणाऱ्याकडची राखीव जागा) भरते, पेटीचं पाठवणं आपोआप थांबतं आणि संदेश तिच्याच मेमरीत राहतात. हे आधी नव्हतं, आधी सगळं सर्व्हरच्या मेमरीत साठत होतं.

चाचणीसाठी एक खोटी पेटी लिहिली. ती ५० केंद्रांच्या नावानं नोंद आणि लगेच दुरुस्ती पाठवते, मध्येच कनेक्शन तोडते, नवं उघडते. सर्व्हरवर प्रत्येक डेटाबेस कामाच्या आधी ० ते ५० मिलिसेकंदांची मनाला येईल तशी झोप घातली. जुन्या कोडवर पहिल्याच मिनिटात ढिगानं दुरुस्त्या हरवल्या. त्या झोपेशिवाय जुना कोडही माझ्या लॅपटॉपवर तासभर स्वच्छ चालत होता, म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी मला काही दिसलं नव्हतं. नवा कोड रात्रभर चालवला, एकही नाही. तिसरी_घंटा यांची आवृत्ती आणि पाळीची बेरीज पेटीच्या पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं पक्कं झालंय. नव्यानं सुरू झाल्याचा क्रमांकही त्यातच येईल. तोपर्यंत क्रमांक शून्याजवळ आला की सर्व्हर आम्हाला फोनवर कळवतो आणि आम्ही सचिवांना विचारून ठरवतो.

जुन्या लॉगमध्ये 'दुरुस्ती' आणि 'बदललेल्या ओळी ०' असं दोन महिन्यांत जिथे जिथे आलं ते सगळं शोधलं. ६३ ठिकाणी निघालं, त्यातली ४९ घाटाखालच्या पाच केंद्रांची. प्रत्येक सचिवांना फोन करून केंद्रावरच्या वहीशी ताडून बघितलं. काहींना कमी गेलं होतं, काहींना जास्त. कमी गेलेल्यांची रक्कम चालू दहा दिवसांच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवून दिली आहे. जास्त गेलेल्यांकडून काही परत घ्यायचं नाही असं संस्थेनं ठरवलं.

सुईदोरा | रविवार, दुपारी १२:१०

छान काम केलंत. एक विचारते, शून्य ओळी बदलल्या तर आता कोड काय करतो?

घाटमाथा | रविवार, दुपारी १२:२५

आता ती चूक धरली जाते. संदेश 'अडलेले' टेबलात जातो, पाळीवर खूण लागते आणि माझा फोन वाजतो. काल संध्याकाळी एकदा वाजला. सचिवांनी रद्द केलेल्या नोंदीवर दुरुस्ती टाकली होती. त्यांना फोन केला, त्यांनी वही बघितली, पाच मिनिटांत खूण काढली आणि टँकर वेळेत गेला.